इलेक्ट्रॉन प्रकीर्णन व अस्थिर अणुकेंद्रे

वेगवान इलेक्ट्रॉनांची शलाका अणुकेंद्रांवर सोडली असता काही इलेक्ट्रॉन मूळ दिशेपासून वळतात. कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन वळले हे मोजून अणुकेंद्रातील विद्युत् भार कसा पसरलेला आहे ते ठरविता येते. स्थिर अणुकेंद्रांच्या अशा मापनास १९५० नंतर लवकरच प्रारंभ झाला. वेगवर्धकाच्या साहाय्याने जागच्या जागी निर्माण केलेल्या किरणोत्सर्गी अणुकेंद्रांबाबत मात्र ते प्रथम २०२३ मध्ये साध्य झाले.

इलेक्ट्रॉनावर प्रबल अणुकेंद्रीय प्रेरणेचा परिणाम होत नाही. अणुकेंद्राशी त्याची परस्परक्रिया विद्युत् चुंबकीय स्वरूपाची असून तिचे गणित नेमके ज्ञात आहे. त्यामुळे मिळणाऱ्या माहितीत संदिग्धता फार थोडी उरते. तसेच ५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी सु. २·५ फेर्मी (१ फेर्मी म्हणजे सेंमी.चा दहा लाख कोटीवा भाग) इतकी, म्हणजे अणुकेंद्राच्या आकारमानाशी तुलनीय असते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टाटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ पासून या पद्धतीचा पद्धतशीर उपयोग केला. सोन्यासारख्या जड अणुकेंद्राच्या अंतर्भागात भाराची घनता जवळजवळ एकसारखी असते व पृष्ठभागाशी ती सु. २·४ फेर्मी जाडीच्या थरात उतरत जाते, असे त्यांना आढळले. प्रोटॉन हा बिंदुरूप नसून त्यालाही आकारमान आहे, हेही त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल हॉफस्टाटर यांना १९६१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मोसबौअर यांच्यासमवेत विभागून मिळाले.

या प्रयोगांतील लक्ष्य म्हणजे बहुधा पदार्थाचा पातळ पत्रा असे व त्यात अब्जाच्या अब्जपटींहून अधिक अणू असत. ट्रिटियम (अर्धायुष्य १२·३ वर्षे) आणि कार्बन-१४ (५,७३० वर्षे) यांसारख्या दीर्घायुषी समस्थानिकांची लक्ष्ये बनविता आली. परंतु काही सेकंद वा त्याहून कमी काळ टिकणाऱ्या अणुकेंद्रांचा पत्रा बनविणे अशक्य होते. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता व त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील बर्कली येथे लिथियम-११ चे अणुकेंद्र अपेक्षेपेक्षा बरेच मोठे असल्याचे आढळले, तेव्हा ही उणीव अधिकच जाणवू लागली. त्याचे अर्धायुष्य सु. ९ मिलिसेकंद असून बाह्य दोन न्यूट्रॉनांचे विरळ प्रभामंडल त्याच्याभोवती असते. अशा अणुकेंद्रांची भार-त्रिज्या लेसर वर्णपटविज्ञानाने मोजता येते; भाराच्या वाटणीचा संपूर्ण आकार मात्र त्यातून कळत नाही.

या अडचणीवर जपानमध्ये तोडगा निघाला. इलेक्ट्रॉनांच्या साठवण वलयात शिल्लक वायूचे धन आयन ऋण शलाकेकडे ओढले जाऊन तीत अडकतात व शलाका बिघडवितात. हा उपद्रवच उपयोगात आणावा, अशी कल्पना वाकासुगी, सुदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली. तीनुसार किरणोत्सर्गी आयन शलाकेत सोडले जातात. आडव्या दिशेने शलाकेचे आकर्षण त्यांना धरून ठेवते, तर शलाकेच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रोडांचे वर्चस् त्यांना अडविते. परिणामी आयन शलाकेच्या मार्गातच राहतात आणि अत्यल्प आयनांवरही पुरेसे आघात घडतात.

क्योटो विद्यापीठाच्या वलयात स्थिर सिझियम-१३३ चे आयन वापरून २००८ मध्ये या तत्त्वाची यशस्वी चाचणी झाली. पुढे टोकिओजवळील वाको येथे रिकेन या संस्थेत स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली. तेथे २०१७ मध्ये केवळ सु. १० कोटी आयनांच्या साहाय्याने स्थिर झेनॉन-१३२ ची भार-वाटणी काढण्यात आली. २०२३ मध्ये युरेनियमाच्या भंजनातून जागीच निर्माण केलेल्या सिझियम-१३७ च्या आयनांवर सु. १५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन मोजण्यात यश आले.

सिझियम-१३७ चे अर्धायुष्य सु. ३० वर्षे असल्याने ते अल्पायुषी म्हणता येत नाही. आयन निर्माण करणे, शलाकेत पकडणे आणि मापन करणे हा सर्व क्रम शक्य आहे, हे या प्रयोगाने सिद्ध केले, यातच त्याचे महत्त्व आहे. प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोहोंची पूर्ण कवचे असलेले कथिल-१३२ (अर्धायुष्य सु. ४० सेकंद) हे या संशोधनाचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे. स्थिर अणुकेंद्रांवरून बांधलेले सिद्धांत न्यूट्रॉनाधिक्य असलेल्या अणुकेंद्रांना कितपत लागू पडतात, याची थेट कसोटी अशा मापनांतून लागू शकेल.