गिरणी सुटली, डीपडेल गाठा

आधी पायातले ते पांढरे बूट काढा. जिथे निघालोय तिथल्या चिखलात पाच मिनिटांत त्यांचा रंग ओळखू येणार नाही. त्याऐवजी हे घ्या. वर जाड चामडं, खाली लाकडी तळवा आणि तळव्याला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. याला क्लॉग म्हणतात. चालून बघा. खट्, खट्, खट्. पहिली दहा पावलं पाय आपला वाटणार नाही, मग सरावाल. डोक्यावर टोपी, गळ्याला मफलर. झालं. निघा.

इंग्लंडच्या वायव्येचा लँकशायर परगणा. गाव प्रेस्टन. साल 1888, ऑक्टोबरातला पहिला शनिवार. तुम्ही कापडगिरणीच्या विणाई खात्यात उभे आहात.

उभे आहात म्हणजे थरथरताय. शेकडो माग एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांचा दणदणाट कानांतून नाही, तळपायांतून वर चढतोय. हवा दमट, कोमट आणि तेलकट. दोरा तुटू नये म्हणून मुद्दामच ओलावा राखलेला. भुवयांवर, ओठांवर, नाकाच्या आत रुईचे तंतू. शेजारची बाई तुमच्याकडे बघून तोंड वेडंवाकडं करतेय. रागावू नका, ती बोलतेय. या आवाजात शब्द ऐकूच येत नाही, म्हणून इथले कामगार ओठांची मोठमोठी हालचाल करून बोलतात आणि समोरचा ते डोळ्यांनी वाचतो. या बोलण्याला त्यांनी ‘मी-मॉ’ असं नावही ठेवलंय. आता ती धोटा उचलून त्याच्या भोकाला ओठ लावते आणि सुर्रकन श्वास ओढून दोऱ्याचं टोक बाहेर काढते. दिवसभरात असं किती वेळा, हे तिनं कधी मोजलं नसेल. मघाशी तिनं तुम्हाला काय विचारलं, माहितेय? ‘डीपडेलला येणार ना?’

मान डोलवा. दुपारचा एक वाजत आलाय.

आणि इंजिन थांबतं. पट्टे लटलट करत सैल पडतात, माग एकेक करून गप्प होतात. कानांत नुसती शिट्टी वाजत राहते. गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा साच्यावर उभे राहिले, त्यांना ही शांतता सांगायला नको. फरक एवढाच, की इथे आज शनिवार आहे आणि कायद्यानं अर्धा दिवस या माणसांचा स्वतःचा आहे. पहाटे लांब काठीनं खिडकी ठोकून उठवणारा उद्या येणार नाही. आजची उरलेली दुपार आणि उद्याचा रविवार, एवढीच काय ती मालमत्ता. रविवार चर्चचा. म्हणजे खरी आपली ही दुपारच.

दरवाजातून लोंढा बाहेर पडतो आणि रस्ता वाजायला लागतो. हजारो लाकडी तळवे दगडी फरसबंदीवर आपटताहेत. पोरं मुद्दाम टाच घासून ठिणग्या उडवतायत. वर बघाल तर आकाश नाही, धुराड्यांचा धूर आहे. कोळशाचा वास, घोड्यांच्या लिदीचा वास, ओल्या लोकरी शालींचा वास. कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यातून आंबट बिअरचा भपकारा येतो आणि लोंढ्यातले निम्मे पुरुष तिकडे वळतात. तुम्ही वळू नका. त्या हातगाडीपाशी चला, भूक लागली असेल.

कढईत काळे वाटाणे शिजताहेत. रंग थेट मालवणी उसळीचा, म्हणून तोंडाला पाणी सुटेल, पण जपून. यात ना वाटण, ना तिखट, ना कोकम. उकडलेले वाटाणे, मीठ आणि वरून व्हिनेगरची धार. मालवणी माणसानं डोळे मिटून खावेत. पण गरम आहेत, पोटाला आधार देतात आणि प्रेस्टनकर त्यांच्यासाठी जीव टाकतात. खाता खाता शेजारचा म्हातारा विणकर विचारेल, कुठले तुम्ही? मुंबईकडचे म्हणून सांगा. बघा त्याचा चेहरा कसा होतो.

‘सुरत!’ तो म्हणतो आणि थुंकतो.

मनाला लावून घेऊ नका. पंचवीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्या ओस पडल्या. प्रेस्टनमध्ये माणसं खिचडीवजा धर्मादाय सूपसाठी रांगेत उभी राहिली. तेव्हा हिंदुस्थानातून जो कापूस आला, त्याला इथे सरसकट ‘सुरत’ म्हणत. मग तो वऱ्हाडातला असो की खानदेशातला. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. मागावर चढवला की दर घटकेला तुटायचा. कामाच्या मापावर पगार, त्यामुळे प्रत्येक तुटलेला दोरा म्हणजे घरातला एक घास कमी. इथल्या भाषेत ‘सुरत’ म्हणजे कुठलीही टाकाऊ वस्तू. तुम्ही म्हाताऱ्याला एवढंच सांगा, की शेजारच्या ब्लॅकबर्नला विणलेली धोतरं आमच्याकडे नेसतात. तो हसेल, व्हिनेगरची बाटली पुढे करेल. हिशेब मिटला.

चला आता. मूर पार्कच्या पलीकडे डीपडेलचं मैदान. पूर्वी इथे शेत होतं आणि पाऊस पडला की जमिनीला ते आठवतं. दोन लाकडी स्टँड, बाकी सगळा उघडा उतार. दाराशी पेन्स मोजून द्या. बायकांनाही आता पैसे पडतात. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना फुकट सोडायचे, पण एकदा म्हणे 2 हजार बायका आल्या आणि क्लबानं ती सवलतच बंद केली. लँकशायरच्या विणकरणींना कमी लेखलं की असं होतं.

दोरीपाशी जागा धरा. मागून पोट, बाजूनं कोपरं, समोरून पाइपचा धूर. मैदानाकडे बघा आणि काय नाही ते मोजा. गोलला खांब आहेत, वर आडवी पट्टी आहे, पण जाळी नाही. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर पुढचा तासभर वाद घालायची सोय आहे. पेनल्टी किक नाही, ती अजून कुणाला सुचायचीय. बदली खेळाडू नाहीत. लागलं तर लंगडत खेळा. गोलरक्षकाचा सदरा वेगळा नाही, सगळ्यांसारखाच. तो आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातानं धरू शकतो आणि धरला की समोरचा गडी त्याला खांद्यानं धडक देऊ शकतो. पंचसुद्धा निराळेच. प्रत्येक संघाचा एकेक अंपायर मैदानावर, रेफरी बाहेर. खेळाडूंनी अपील केल्याशिवाय निकाल नाही. तुम्ही क्रिकेटच्या देशातले, तुम्हाला हे लगेच उमगेल. हात वर करून गळा काढायची कला इथे भलतीच विकसित झालेली आहे.

प्रेस्टन नॉर्थ एंड पांढऱ्या सदऱ्यांत उतरतं. पाहुणे स्टोकचे. पण थांबा, मोजा बरं. सात, आठ, नऊ. नऊच! दोन गडी कमी आले आहेत. आता?

आता लँकशायरी तोडगा. यजमान आपल्या राखीव संघातले दोघे उसने देतात. प्रेस्टनची दोन पोरं आज प्रेस्टनविरुद्ध खेळणार. गर्दीला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती? त्यातल्या एकाच्या पायाशी चेंडू आला की तुमच्या मागून कुणीतरी ओरडतं, दुसरा उत्तर देतो, आणि उतारभर हशा पसरत जातो. पोरगं कानापर्यंत लाल होतं.

खेळ सुरू झाला की मात्र हसणं थांबेल. आजवर फुटबॉल म्हणजे चेंडू घेऊन एकट्यानं मुसंडी मारायची आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून पळायचं, असं अनेकांना वाटायचं. हे पांढरे सदरेवाले तसं करत नाहीत. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, धोटा ताण्यातून जावा तसा. यातले बरेचसे स्कॉटलंडहून आणलेले. विल्यम सडेल नावाच्या गिरणी मॅनेजरनं ही टोळी जमवली. कागदोपत्री गिरणीत नोकरी, प्रत्यक्षात फुटबॉल. खेळाचे पैसे देतो हे त्यानं उघड कबूल केलं तेव्हा लंडनचे सभ्य गृहस्थ केवढे खवळले होते. प्रेस्टनच्या विणकराला त्यात काहीच गैर दिसलं नाही. कामाचे पैसे मिळतात, एवढं त्याला कळतं.

जिमी रॉसकडे नजर ठेवा. गोल. चामड्याचा चेंडू आता पाणी पिऊन जडशीळ झालाय. डोक्यानं मारला की ‘थप्प’ असा आवाज तुमच्यापर्यंत येतो आणि तुमचंच कपाळ दुखतं. पुन्हा रॉस. माणसं टोप्या उडवतात, दुसऱ्याच्याच टोप्या परत मिळतात. शालीतली ती मघाची बाई आता ओठांनी नाही, छातीच्या भात्यानं ओरडतेय. आठवडाभर ज्या गळ्याला कुणी ऐकलं नाही, तो गळा आज अख्खा उतार ऐकतोय. रॉस एकटा चार गोल करतो. एकूण सात. स्टोक शून्य.

परतताना म्हाताऱ्याला सहज विचारा, आता गुण किती झाले? तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. ही लीग नावाची भानगड गेल्या महिन्यातच सुरू झालीय. बारा क्लब, सहा लँकशायरचे, सहा मिडलंड्सचे. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. बर्मिंगहॅममधल्या विल्यम मॅकग्रेगर या कापडदुकानदाराची ही कल्पना. का? तर क्लबांनी सामने ठरवायचे आणि ऐन वेळी पाहुणे यायचेच नाहीत. गिरणी सोडून आलेली माणसं परत जायची. वेळापत्रक हवं, म्हणून लीग. विजयाला किती गुण आणि बरोबरीला किती, हे ठरायला मात्र नोव्हेंबर उजाडणार आहे. तोवर सगळे नुसतेच खेळताहेत.

आता जरा भरभर चला. धुकं, गारठा, चारलाच काळोख. चिखल इतका की क्लॉग रुतून पाय तेवढा बाहेर येतो. प्रेस्टन जिंकतंय, कधी बरोबरी करतंय, हरत मात्र नाही. जॉन गुडॉलचे गोल मोजायचं लोकांनी सोडून दिलंय. जानेवारीतच लीग खिशात. 22 सामने, 18 विजय, 4 बरोबऱ्या, पराभव शून्य. दुसऱ्या क्रमांकावरचं ॲस्टन व्हिला 11 गुण मागे.

पण गावाला झोप नाही. एफए कप उरलाय आणि गेल्या वर्षाची जखम ओली आहे. तेव्हा अंतिम सामन्याआधीच, सदरे स्वच्छ आहेत तोवर कपाबरोबर फोटो काढू, असं आपल्या खेळाडूंनी सुचवलं म्हणे. आधी जिंका तर खरं, असं त्यांना ऐकवण्यात आलं. आणि वेस्ट ब्रॉमिचनं 2-1 नं हरवलं. हा किस्सा खरा किती, कुणास ठाऊक, पण प्रेस्टनमध्ये तो काढणाऱ्याला बिअर कुणी पाजत नाही.

30 मार्च. कपाचा अंतिम सामना, वुल्व्ह्‌जशी, लंडनला, ओव्हलवर. होय, तेच क्रिकेटचं ओव्हल. तुम्हाला तिथे नेणार नाही. लंडनचं भाडं तुमच्या आठवड्याच्या पगाराला झेपणारं नाही. तुम्ही गावातच, चौकात थांबा. शेकडो माणसं उभी आहेत आणि सगळ्यांचे डोळे एका खिडकीकडे. तार आली की चिठ्ठी तिथे लागणार. कुणी बोलत नाही. पाइप विझलेत. कुणाच्या क्लॉगची टाच नुसती दगडावर आपटत राहते. मग एक हात काचेवर कागद चिकटवतो. ड्यूहर्स्टचा गोल! हा गडी पेशानं शाळामास्तर. त्याचा एक विद्यार्थी तुमच्या खांद्यावर चढतो आणि उतरायला तयार होत नाही. नंतर रॉस. नंतर थॉमसन. वुल्व्ह्‌ज 0, प्रेस्टन 3. अख्ख्या कप स्पर्धेत त्यांच्यावर एकही गोल झालेला नाही.

नाचा. अनोळखी माणसाला मिठी मारा, कोळशाचा वास अंगाला लागू द्या. तासाभरात लोक पांगतील आणि सोमवारी पहाटे खिडकीवर पुन्हा काठी वाजेल.

परत या आता. क्लॉग दाराशी काढा.

प्रेस्टननं पुढच्या वर्षीही लीग जिंकली, त्यानंतर आजवर एकदाही नाही. सडेल काही वर्षांनी गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेला. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये पूर्ण हंगाम अपराजित राहणं पुढे जमलं ते थेट 2003-04 च्या आर्सेनलला. गिरण्या तिथेही बंद पडल्या. डीपडेल मात्र तिथेच आहे आणि प्रेस्टन आजही तिथेच खेळतं.

शनिवार दुपारही तिथेच आहे. हिवाळ्यात रात्री साडेआठला तुम्ही जो इंग्लिश सामना लावता, तो तिकडे दुपारी तीनला सुरू होतो. गिरणी सुटावी, पोटात चार घास जावेत आणि मैदान गाठता यावं, या हिशेबानं पडलेली ती वेळ. तुम्हाला तो सोफ्यावर बसून दिसतो. ब्रिटनमध्ये मात्र त्या वेळचे सामने आजही टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून. प्रेस्टनच्या माणसाला शनिवारी तीनचा सामना बघायचा असेल, तर त्याला अजूनही चालत डीपडेलला जावं लागतं.