मोर्तबाविना चाललेले यंत्र

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबाराचा उतारा हवा असला, तर त्याला आता तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी खोळंबून राहावे लागत नाही. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. याच तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधारपत्रे वाटली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुलखाचा सरकारी कागद किती झपाट्याने यंत्राधीन झाला याची कल्पना येते. पण हा कागद अखेर ज्या प्रिंटरमधून बाहेर पडतो, त्याच्या इमानाची चौकशी आपल्या दप्तरी परंपरेला साजेल अशी झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८१८ मध्ये खानदेशावर इंग्रजी अंमल बसला, त्यापूर्वीच्या मराठी दप्तराची शिस्त मोठी कडक होती. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. पहिल्याने हुकूम कोणाचा हे कळे, दुसऱ्याने मजकूर कोठे संपला हे कळे, आणि शेवटच्या ओळीखाली मागाहून कोणी चार अक्षरे घुसडू पाहील तर ती तेथेच उघडी पडत.

नेमकी हीच खबरदारी प्रिंटर घडविणाऱ्यांनी घेतली नाही. प्रिंटर एका तारेने एकाच संगणकाला जोडलेला होता तोवर पाठविणारा घरचाच असे. पुढे तो कचेरीच्या नेटवर्कवर आला, तरी येईल तो मजकूर निमूटपणे स्वीकारण्याची त्याची जुनी रीत तशीच राहिली. नोव्हेंबर २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आंग क्वी आणि साल्व्हातोरे स्टॉल्फो यांनी तिचा परिणाम जगापुढे मांडला. एचपीच्या काही लेझरजेट यंत्रांत फर्मवेअर, म्हणजे यंत्राला चालविणारी मूळ आज्ञावली, बदलण्याचा हुकूम छपाईच्या मजकुरातूनच देता येई, आणि तो कंपनीचाच आहे की नाही हे यंत्र पडताळत नसे. एखादा विषारी दस्तऐवज छापायला दिला की यंत्राचा ताबा परक्याकडे जाई. पुढे छापल्या जाणाऱ्या कागदांच्या नकला गुपचूप बाहेर रवाना होत, आणि समोरच्या कारकुनाला मात्र ट्रेमध्ये नेहमीसारखाच छापील कागद दिसे. कंपनीने काही दाव्यांचा इन्कार केला, २००९ पासूनच्या यंत्रांत स्वाक्षरीची पडताळणी असल्याचे सांगितले, तरी डिसेंबरात दुरुस्त फर्मवेअर प्रसिद्ध केलेच.

दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, एफ-सिक्युअर या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना एचपीच्याच दीडशेहून अधिक मॉडेलांत अक्षरवळण (फॉन्ट) वाचणाऱ्या भागातच दोष सापडला. आणि जून २०२५ मध्ये रॅपिड७ या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने उघड केलेले प्रकरण तर आपल्या सेतू केंद्रांना व पतपेढ्यांना अधिक जवळचे आहे: प्रिंटर बनविणाऱ्या ब्रदर कंपनीच्या शेकडो मॉडेलांत कारखान्यातून येणारा प्रशासकीय पासवर्ड यंत्राच्या अनुक्रमांकावरूनच तयार केलेला असे, आणि तो अनुक्रमांक दुसऱ्या दोषामुळे नेटवर्कवरून काढून घेता येई. विकल्या गेलेल्या यंत्रांतील हा दोष नव्या फर्मवेअरने पुरता नाहीसा होत नाही. मालकाने स्वतः पासवर्ड बदलणे हाच त्यावरचा उपाय. तालुका कचेरीची तपासणी करणारा अधिकारी कीर्द, नोंदवही, शिक्के तपासतो. त्याच फेरीत प्रिंटरचा पासवर्ड बदलला आहे काय आणि त्याचे फर्मवेअर कोणत्या तारखेचे आहे, एवढे दोन रकाने तपासणीच्या नमुन्यात वाढवावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्ह्याचे एक परिपत्रक पुरे होईल.