दार लावून साजरा होणारा सण

मंडळी, आज कोकणातल्या बेने इस्रायल घरांत डोकावू. हे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. त्यांचं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलं, १७९६ साली. त्याआधी? हिब्रू शिकवणारी शाळा नाही, पुस्तकं नाहीत. पोरं सगळं घरातच बघून शिकायची. पाऊस ओसरला की नव्याचा सण, मग नव्या धान्याची, नारळाच्या दुधाची खीर. आणि दारफाळणी: अख्खं घर पांढऱ्या कपड्यांत, दार लावून, दिवसभर उपाशी. अहो, हाच योम किप्पूर! हिब्रू नाव विसरलं, उपास नाही. प्रार्थनेतलं ‘शेमा’ तेवढं तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दार उघडायचं, दानधर्म करायचा, भेटीगाठींना निघायचं.