द.सा.द.शे.

शाळेत व्याजाच्या गणितात छळणारे ‘द.सा.द.शे.’ (दर साल दर शेकडा) साथरोगशास्त्रात पुन्हा भेटते. ‘दर’ हा शब्द फारसीतला. तिथे तो ‘मध्ये’ या अर्थाचे अव्यय, म्हणूनच फारसीत टक्क्याला ‘दरसद’, म्हणजे ‘शंभरात’, म्हणतात. मराठीने त्याला ‘प्रत्येक’ केले आणि दररोज, दरमहा, दरसाल असे शब्द घडवले. पुढे तो चक्क नाम झाला : भाजीचा दर, मृत्यूचा दर.

रोगाचा आपाती दर म्हणजे नव्या रुग्णांच्या संख्येला व्यक्ती-वर्षांनी, म्हणजे प्रत्येकाच्या निरोगी वर्षांच्या बेरजेने, भागणे. 100 निरोगी माणसांवर दोन वर्षे लक्ष ठेवले आणि पहिले वर्ष संपताना 10 जण आजारी पडले, तर त्या दहांचे एकेकच वर्ष धरायचे. मध्येच काढलेल्या ठेवीवर व्याज तेवढ्याच काळाचे, तसे. उरलेल्या 90 जणांची 180 वर्षे. एकूण 190. 10 भागिले 190, म्हणजे द.सा.द.शे. सुमारे 5.3. जुने रुग्ण यात येत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा. क्षयासारख्या रोगासाठी मात्र शेकडा पुरत नाही, तिथे ‘दर लाखी’ मोजतात. 2023 साली भारतात क्षयाचा अंदाजित आपाती दर 195 होता.