व्हिडिओ खेळ : विक्री व खेळणारा वर्ग

व्हिडिओ खेळ : पडद्यावरील चित्रांचे कळ, दांडी वा स्पर्श यांद्वारे नियंत्रण करून खेळावयाचा इलेक्ट्रॉनिकीय खेळ. विक्रीच्या आकड्यांवरून खेळणाऱ्यांची संख्या अजमावण्याची पद्धत रूढ आहे; तथापि भारतात, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत, ती अपुरी ठरते; कारण विकत घेणारा आणि खेळणारा हे येथे पुष्कळदा एक नसतात.

अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ १९७२ मध्ये आला. आरंभी नाणे टाकून चालणारी यंत्रे सार्वजनिक ठिकाणी असत. पुढे दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे गृहसंच निघाले. १९८३ मध्ये निकृष्ट खेळांच्या अतिपुरवठ्यामुळे अमेरिकेतील बाजारपेठ कोसळली; परंतु त्याच वर्षी निंटेंडो या जपानी कंपनीने काढलेल्या संचाची जगभर ६ कोटींहून अधिक विक्री झाली. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन २’ (२०००) या संचाची विक्री १५ कोटींवर गेली.

भारतात १९९०–२००० या दशकात मूळ संचांपेक्षा त्यांच्या स्वस्त नकला अधिक परिचित होत्या. एका संचावर घरातील व शेजारची मुले आळीपाळीने खेळत. पुढे सायबर कॅफेत तासाप्रमाणे पैसे देऊन खेळणे रूढ झाले. या खेळणाऱ्यांची नोंद विक्रीत झाली नाही. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले व विनामूल्य खेळांचा झपाट्याने प्रसार झाला. अशा खेळांचे उत्पन्न जाहिराती व खेळांतर्गत खरेदी यांतून येते. खेळ उतरवून घेण्याच्या संख्येत भारत जगात अग्रभागी आला, मात्र दरडोई उत्पन्न अल्पच राहिले. ‘पबजी मोबाइल’ या लोकप्रिय खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने बंदी घातली.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची सुमारे ३५ टक्के, तर गडचिरोलीची केवळ ११ टक्के लोकसंख्या नागरी होती. चंद्रपूर, बल्लारपूर यांसारख्या औद्योगिक शहरांतील स्थिती व दुर्गम वनभागातील स्थिती त्यामुळे भिन्न आहे. नक्षलग्रस्त भागांसाठी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय योजनेतील मनोरे द्वितीय पिढीच्या (२जी) सेवेचे होते. त्यांवरून संभाषण होई, परंतु अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालणे अशक्यप्राय होते. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी मनोरे जाळल्याच्या घटनाही घडल्या. महाराष्ट्रासह ५ राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील सेवावंचित गावांसाठी ४जी योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये, तर जुने मनोरे ४जी करण्याची योजना एप्रिल २०२२ मध्ये मंजूर झाली. अशा भागात खेळाच्या किमतीआधी मनोरा व वीज यांवरच कोणी खेळावे हे ठरते.

स्त्रियांबाबत हा भेद अधिक तीव्र आहे. अमेरिकेतील पाहण्यांत खेळणाऱ्यांपैकी सु. निम्म्या स्त्रिया आढळतात. भारतात मात्र पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३·३ टक्के व पुरुषांचे ५७·१ टक्के होते. घरातील एकमेव फोन बहुधा पुरुषाच्या हाती असल्यास मुलीचा खेळ उरल्या वेळेपुरताच राहतो व त्याची नोंदही फोनधारकाच्या नावे होते. विक्रीपत्रकावर विसंबून धोरण आखल्यास गणनेतून प्रथम वगळली जातात ती अशी वनप्रदेशातील मुले व मुली होत.