शेवटचा खंड कोणी लिहिला? युद्धकांड आणि गावबा

मंडळी, टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड ११ नोव्हेंबर १९५४ रोजी निघाला. तो संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या तावडीत असतो. तिसरा खंड आला २० ऑक्टोबर १९५५ रोजी. परिशिष्टं तयार व्हायची होती, म्हणून उशीर. जवळजवळ वर्षभर वाचक ताटकळले. पण लेखक हयात होता, गोष्ट लिहून झालेली होती.

आपल्याकडे काय झालं बघा. पैठणला एकनाथ महाराज भावार्थ रामायण रचत होते. परंपरा सांगते, युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. लंकेत युद्ध पेटलेलं, राज्याभिषेक लांबच. ४५व्या अध्यायापासून ते कांड पुरं केलं नाथांच्या घरी वाढलेल्या गावबानं.

आता गावबाबद्दल आपल्याला काय ठाऊक असतं? पुरणपोळी! पोरगा मंद होता, पुरणपोळीच्या लोभानं नाथांकडे राहिला, आणि गुरुकृपेनं एकदम ओव्या सुचायला लागल्या. गोष्ट गोड आहे, पण मला ती पटत नाही. दुसऱ्याची शैली उचलायची, पात्रांचा स्वभाव सुटू द्यायचा नाही, चालू लढाई मधूनच हातात घेऊन शेवटाला न्यायची, हे मंद माणसाचं काम नव्हे. त्यानं किती वर्षं नाथांची कीर्तनं ऐकली असतील, किती पानं उतरवली असतील, याचा विचार ती कथा करूच देत नाही. चमत्कार म्हटला की मेहनत झाकली जाते. त्यात अध्यायाच्या शेवटी मुद्रा त्यानं गुरूचीच ठेवली. मग छापील पोथीवर नाव एकाचंच आलं, यात नवल नाही.

टॉल्कीन १९७३ साली वारले. त्यांचं 'सिल्मरिलियन' मुलानं, ख्रिस्तोफरनं, जुळवून १९७७ साली प्रसिद्ध केलं. संपादक म्हणून त्याचं नाव पुस्तकावर आहे. तिथे वारसाची नोंद झाली, इथे वारस आख्यायिकेत गेला.

आणि हे रामायण कपाटात पडलेलं नाही हो. नांदेड-लातूरकडच्या गावांत आजही देवळात ते लागतं. वाचक ओवी म्हणतो, सूचक अर्थ सांगतो. लक्ष्मणशक्तीच्या रात्री तर गाव जागतं. सूर्य उगवायच्या आत मारुतीनं औषधी आणायची असते, झोपणार कोण? पुढे राज्याभिषेकापर्यंत ऐकणाऱ्यांना सांधा कुठे आहे ते कळत नाही. गावबाला याहून मोठी पावती कुठली द्यायची?

तरी पुढच्या वेळी ४५वा अध्याय लागला, की सूचकाला एवढं सांगायला लावा: इथून हात गावबाचा.