दरबार दोन, बाजार एक

माळव्यातल्या मराठी घरांत संस्थानी काळाच्या गोष्टी निघाल्या की त्या बहुधा दरबाराच्या निघतात. दसऱ्याची स्वारी, हत्तीवरची अंबारी, मानकऱ्यांच्या बैठकी, कोणाच्या पणजोबांना कसला पोशाख मिळाला आणि कोणाची खुर्ची दरबारात कितवी होती. या आठवणी गोड आहेत, जपण्यासारख्या आहेत. पण त्या काळी रुपयाला ज्वारी किती शेर मिळत होती, पगार वेळेवर होत होता का, आणि दरबारात जे सांगितले जाई ते बाजारातल्या माणसाला पटत होते का, हे आम्ही आपसात फारसे विचारत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

निमित्त आजचेच आहे. वर्षाच्या सुरुवातीला संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन भरते आणि राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण करतात. राज्यघटनेच्या ८७ व्या कलमात त्याची तरतूद आहे. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ३१ जानेवारी १९५० रोजी असे पहिले अभिभाषण केले. आरंभी प्रत्येक अधिवेशनाला ते व्हावे असे कलमात होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षाच्या पहिल्या अधिवेशनापुरते ठेवले गेले. भाषण राष्ट्रपतींच्या मुखातून होते, मजकूर मात्र मंत्रिमंडळाचा असतो. देशाची आर्थिक पाहणीही अलीकडे त्याच सुमारास मांडली जाते. त्याआधीचे आठ दिवस कचेरीत, चहाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात एकच चर्चा असते की यंदा काय सांगतील? गंमत अशी की बोलणाऱ्या प्रत्येकाचे उत्तर आधीच ठरलेले असते. भाषण ऐकायला बसणारा माणूस कोऱ्या पाटीने बसत नाही. ती पाटी कशाने भरते, हे पाहायला धार आणि देवासइतकी सोयीची गावे दुसरी नाहीत.

रस्त्याच्या दोन बाजू

बाजीराव पेशव्यांच्या काळात पवार माळव्यात आले. एका शाखेची गादी धारला झाली. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांचे देवासला बस्तान बसले आणि तिथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. दोघांची राजधानी एकच गाव. डिसेंबर १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला तोही दोघांनी मिळून केला. १९०१ च्या शिरगणतीत थोरल्या पातीची वस्ती ६२,३१२ आणि धाकट्या पातीची ५४,९०४ भरली. दरबार दोन, खजिने दोन, कारभारी दोन. बाजार मात्र एक. ज्वारीचा भाव रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरा, असा दोन दिवसही टिकू शकत नव्हता.

१८८८ साली दोन्ही पात्यांनी आपापल्या नावाचे तांब्याचे पाव आणे काढले. १८७६ च्या कायद्याप्रमाणे ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचे मुख, दुसऱ्या बाजूला त्या त्या पातीचे नाव. धारची अशीच नाणी आदल्या वर्षीची, १८८७ ची आहेत. घेणाऱ्याला अर्थातच नाव कोणत्या पातीचे याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यात मीठमिरची किती येते एवढेच तो पाहत असे.

चांदीच्या रुपयाची गोष्ट याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यात हाली आणि सालिमशाही रुपये चालत, आणि त्यांच्या जोडीला इंग्रजी कलदार. एकातून दुसऱ्यात जायचे तर सराफ बट्टा कापी. आजच्यासारख्या जनमत चाचण्या तेव्हा नव्हत्या. सराफाचा बट्टा हीच चाचणी. कोणत्या राजाच्या शिक्क्यावर लोकांचा किती भरवसा आहे, हे रोज संध्याकाळी पेढीवर कळत असे. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. तेव्हापासून कलदाराची किंमत नुसत्या चांदीहून वर राहिली आणि संस्थानी रुपया मागे पडत गेला. ज्याची मिळकत हालीत आणि देणे कलदारात, त्याला राज्य सुखात आहे असे भर दरबारात सांगितले असते तरी पटले नसते.

दिल्लीचे भाषण आणि मिठाचा कर

माळव्याला दुष्काळ माहीत नाही, इथे पावलोपावली पाणी आहे, अशी या मुलखाची ख्याती. विक्रम संवत १९५६ ने, म्हणजे १८९९-१९०० च्या छपन्नच्या काळाने, ती मोडली. १९०१ च्या शिरगणतीत धार संस्थानची वस्ती १,४२,११५ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी झाली होती. हिंदुस्थानात माणसे वाढण्याऐवजी घटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर लगेच १ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीत लॉर्ड कर्झन यांनी दरबार भरवला. नवा राजा गादीवर बसला की रयतेला काहीतरी सूट मिळते, ही आपल्याकडची जुनी समजूत. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या देशाची अपेक्षा तीच होती. कर्झन यांनाही ती ठाऊक होती. दरबारातच कर कमी केल्याचे जाहीर करावे असा आग्रह त्यांनी विलायतेकडे धरला. तिथल्या मंत्रिमंडळाने मानले नाही; असा पायंडा पडला तर प्रत्येक राज्यारोहणाला कर सोडावा लागेल, अशी त्यांची भीती.

मग भाषणात काय आले? दुष्काळासाठी संस्थानांना दिलेल्या किंवा सरकारने हमी घेतलेल्या कर्जांवर तीन वर्षे व्याज घेणार नाही, ही घोषणा आली. ती लहान नव्हती. पण सवलत मिळाली ती संस्थानांच्या खजिन्याला. ज्याने बैल विकून पोट भरले होते त्याच्या हाती त्या दिवशी काही पडले नाही. त्याच्यापर्यंत काही पोचले ते मार्च १९०३ च्या अंदाजपत्रकात, जेव्हा मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आणला गेला. माळव्यात मीठ बाहेरून येई आणि त्यावर कर आधीच बसलेला असे. त्यामुळे ही सूट संस्थानाच्या हद्दीशी थांबली नाही. हत्ती, तोफा आणि भाषण दिल्लीत राहिले. मीठ तेवढे खेड्यापर्यंत आले.

थोरल्या पातीची तिजोरी

देवासच्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज हे आपल्या सर्वांच्या ममत्वाचे नाव. १८८८ चा जन्म, लहान वयात गादी, शिक्षण इंदूर आणि अजमेरला, आणि विवाह कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने त्यांचे खासगी सचिव होते. बागा, मोटारी, विजेचे घर, पाहुण्यांची व्यवस्था अशी कामे त्यांच्याकडे होती. गोकुळाष्टमीचा जो उत्सव त्यांनी इथे पाहिला तो पुढे त्यांच्या कादंबरीत उतरला. १९५३ मध्ये देवासवरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्याचे नाव आपल्या चामुंडेच्या टेकडीवरून आहे.

महाराजांच्या भक्तीविषयी, विनोदबुद्धीविषयी आणि मनाच्या मोठेपणाविषयी फॉर्स्टर यांनी भरभरून लिहिले आहे. त्याच लेखणीने त्यांनी हेही नोंदवले की नवा राजवाडा अजून बांधून व्हायचा होता आणि त्याचा आधी बांधलेला भाग पडझडीला लागला होता. उत्सव होत होते, पाहुणे येत होते, आणि तिजोरीचा तळ दिसू लागला होता. कर्जे वाढली, हिंदुस्थान सरकारने चौकशीचा आग्रह धरला. १९३३ च्या अखेरीस महाराज दक्षिणेच्या यात्रेला म्हणून निघाले ते इंग्रजी हद्दीबाहेर, फ्रेंचांच्या पाँडिचेरीत राहिले. १९३७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

आम्हाला यात महाराजांना दोष द्यायचा नाही. इतक्या प्रेमळ राजाला परक्या गावी देह ठेवावा लागला, हे दुःखच आहे. पण राजावरचे प्रेम आणि राज्याच्या हिशेबावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुसरीची जागा काही वर्षे भरून काढू शकते, कायमची नाही. जुन्या कारभाराची ही सर्वात महाग शिकवण आहे, आणि तिची किंमत आपल्याच गावाने मोजली आहे.

नोटांचे गाव

२८ मे १९४८ रोजी मध्यभारताचे उद्घाटन झाले. धार आणि देवासच्या दोन्ही पात्या त्यात विलीन झाल्या. रस्त्याच्या दोन बाजूंचे गाव एका कारभाराखाली आले.

पुढे १९७४ मध्ये देवासला बँक नोट प्रेस सुरू झाला. ज्या गावाने एकेकाळी दोन नावांचे पाव आणे चालवले तिथे आता साऱ्या देशाच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. आणि योग असा, की स्वतंत्र भारतातली सर्वात तीव्र भाववाढ त्याच सुमाराची. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा सरासरीने सुमारे २५ टक्क्यांनी चढल्या. मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून पगारवाढीची सर्व रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत टाकला. ठेव पुढे व्याजासह परत मिळायची होती, भाववाढ आवरायला उपाय म्हणूनही तो केला गेला होता. तरी महिन्याच्या वीस तारखेला डबा रिकामा झाल्यावर गृहिणीला ठेवीची पावती शिजवता येत नाही. आम्ही नोकरीला लागलो ते फार नंतर. पण महागाई भत्त्याचा हप्ता कधी जाहीर होणार, ही चर्चा आमच्या कचेरीत आजही पावसाच्या चर्चेइतकीच नेमाने होते.

दोन्ही खरे असते

आज लोकांच्या मनातले मोजण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरी कुटुंबांना विचारते की गेल्या वर्षाच्या मानाने देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, भाव, तुमची मिळकत आणि खर्च कसा वाटतो, आणि पुढच्या वर्षी कसा वाटेल. उत्तरांचा निर्देशांक काढतात. १०० च्या वर असला तर समाधानी जास्त, खाली असला तर नाराज जास्त. आपल्या राज्यातले भोपाळ त्यात आहे. धार आणि देवास नाहीत. या पाहणीत एक गोष्ट नेहमी दिसते. आजच्या स्थितीपेक्षा उद्याविषयी लोक अधिक आशेने बोलतात. कोणाला हा भाबडेपणा वाटेल. आम्हाला त्यात छपन्नच्या काळानंतर पुन्हा पेरणीला उभा राहिलेला माळवी शेतकरी दिसतो.

राष्ट्रपतींच्या अभिभाषणात देशाची सरासरी असते. घरच्या हिशेबात एकच घर असते. उत्पन्न वाढल्याचा आकडा खरा असतो आणि तूरडाळीने कंबर मोडली हेही खरे असते. पिथमपूरच्या कारखान्यात कायम झालेल्या मुलाला काळ चांगला वाटतो. त्याच धार जिल्ह्यात कुक्षीच्या हाटात मजुरी शोधणाऱ्याला तो तसा वाटत नाही. भाषणापूर्वीच लोकांनी मत बनवले म्हणून रागावण्यात अर्थ नाही, आणि आपल्याला जाणवले नाही म्हणून आकडा खोटा ठरवण्यातही नाही. भाषणातले मीठ खेड्यापर्यंत पोचले का, एवढे पाहिले की पुरे.

शेवटी समाजाच्या जुन्या घराण्यांना एक विनंती. आपली मंडळी दोनशे-अडीचशे वर्षे दरबाराच्या बाजूला बसली, म्हणून आपल्या आठवणी दरबाराच्या आहेत. बाजाराची आठवण कुठे असेल तर ती माळ्यावरच्या पेटीत, आजी-पणजींच्या खर्चाच्या वहीत, मोडीतल्या रोजकीर्दीत, पगाराच्या जुन्या चिठ्ठीत, वाण्याच्या खात्याच्या कागदात. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी असे कागद रद्दीत जातात. यंदा ते देऊ नका. मोडी वाचणारे कोणी ओळखीचे असेल तर त्यांना दाखवा, निदान वर्ष आणि भाव तेवढे एका कागदावर उतरवून समाजाच्या कार्यालयात आणून द्या. पाच-पन्नास घरांनी एवढे केले तरी धार-देवासच्या शंभर वर्षांच्या धारणेचा तक्ता तयार होईल. दरबारांचे इतिहास लिहिले गेले आहेत. बाजाराचा अजून लिहायचा आहे, आणि त्याची कागदपत्रे आपल्याच घरांत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!